खोटे वेखंड

तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर टाळूवर घालतात ते वेखंड आपल्या घरचेच. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली युरोपातल्या एका पाणथळ आयरिसला ‘स्यूडॅकोरस’ हे नाव दिले. त्याचा अर्थच ‘खोटे वेखंड’! पाने तशीच, तलवारीच्या पात्यासारखी. चुरगळून पाहावीत, खरे वेखंड दरवळते, हे दरवळत नाही.

फूल मात्र पिवळेधमक, आणि त्याची रचना पाहून थक्क व्हावे. बाहेरच्या तीन पाकळ्या खाली झुकलेल्या. प्रत्येकीवर स्त्रीकेसराची एकेक फांदी पडवीच्या छपरासारखी ओणवलेली. भुंगा मधासाठी छपराखाली शिरतो. दाराशीच एक झडप असते, तिची एकच बाजू पराग घेते. आत जाताना परक्या फुलाचे पराग तिथे पुसले जातात. पुढे परागकोश त्याच्या पाठीवर नवे पराग फासतो. परतताना पाठ लागते ती झडपेच्या कोरड्या बाजूला! गिरणीच्या दारावर झडती घेणाऱ्यांनाही इतकी चोख व्यवस्था कधी साधली नाही.

तळ्याच्या काठाला बागवान हे मुद्दाम लावतात. ऊन हवे, पायाशी पाणी हवे. बाकी लाड नाहीत. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद ते शोषून घेते, म्हणून पाणी शुद्ध करण्याच्या कृत्रिम दलदलींतही त्याला काम मिळते.

युरोपात ते घरचे आहे. उत्तर अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये ते शोभेसाठी नेले, आणि बागेचे कुंपण त्याला पुरले नाही. बी पाण्यावर तरंगत दूर जाते. जमिनीतले गड्डे एकमेकांत गुंतून चटई विणतात, तीत गाळ अडकतो, आणि काठावरचे मूळचे गवत बेघर होते. पाला विषारी, त्यामुळे गुरेही त्याला आवर घालीत नाहीत. न्यूझीलंडमध्ये व अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात त्याच्या विक्रीलाच बंदी आली.

तिकडच्या बागवानाने आपल्याच मुलखातला आयरिस लावावा. पूर्व भागात निळा ‘व्हर्सिकलर’ आहे, तो रूपाने उणा नाही. पिवळा आधीच लागला असेल तर बोंडे फुटण्यापूर्वी कापावीत. उपटण्याचे काम मालक करीत नाही, मजूर करतो. रसाने कातडी चिडते, तेव्हा हातमोजे मालकाने आधी द्यावेत, हात सुजल्यावर नव्हे. गड्ड्याचा तुकडा राहिला तरी पुन्हा कोंब येतो, म्हणून उपटलेला ढीग पाण्यापासून लांब नेऊन वाळवावा लागतो.