पापणीवरची जखम लहान, आत लाकडाचा तुकडा

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, असे म्हण सांगते. बुबुळावर चिकटलेले कुसळ खरोखरच दिसते. परंतु पापणीतून डोळ्याच्या खोबणीत शिरलेली काटकी कित्येकदा कोणालाच दिसत नाही.

डिचोली तालुक्यात अशा दुखापतीला निमित्ते कमी नाहीत. कुळागरांतील व काजूच्या बागायतींतील साफसफाई, बांबूची तोड, गवत कापण्याच्या यंत्राखालून उडणारा तारेचा तुकडा, औद्योगिक वसाहतीतील ग्राइंडर, किंवा हातात पेन्सिल घेऊन धावताना पडलेले मूल.

सात हाडांनी बनलेल्या या निमुळत्या खोबणीचे आकारमान प्रौढ माणसात सुमारे ३० मिलिलिटर असते. त्यांपैकी जेमतेम ७ मिलिलिटर जागा नेत्रगोलाची. उरलेल्या जागेत चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या आणि दृष्टीची मुख्य नस. चरबी मऊ असल्याने टोकदार वस्तू सहज आत सरकते आणि नेत्रगोल बाजूला ढकलला जाऊन शाबूत राहू शकतो. दृष्टी ठीक, जखम अर्ध्या सेंटिमीटरची. मग एक टाका घालून रुग्ण घरी जातो. खोबणीचे छत मात्र पातळ असते आणि त्याच्या लगेच वर मेंदू असतो.

म्हणून निदानाची सुरुवात यंत्रापासून नव्हे, प्रश्नापासून होते: काय लागले, आणि ते अखंड बाहेर आले का? मोडलेल्या काटकीचा हाती राहिलेला भाग रुग्णालयात सोबत न्यावा. पहिली तपासणी सीटी स्कॅनची. धातू त्यात लगेच उठून दिसतो. लाकूड फसवे. कोरड्या लाकडात हवा असल्याने ते सुरुवातीला हवेसारखेच काळे दिसते, आणि जखमेतून शिरलेली हवा समजून दुर्लक्षिले जाऊ शकते. लाकडाचा संशय असल्यास एमआरआय उपयोगी पडते. मात्र आत लोखंड नाही याची खात्री झाल्यावरच, कारण चुंबकाच्या ओढीने ते हलून इजा करू शकते.

आत सापडलेली प्रत्येक वस्तू काढलीच पाहिजे असे नाही, हे अनेकांना नवल वाटेल. दृष्टीच्या नसेजवळ खोल रुतलेला काचेचा वा पोलादाचा तुकडा त्रास देत नसेल, तर तो तिथेच ठेवून लक्ष ठेवले जाते. काढण्याच्या खटपटीत दृष्टी जाण्याचा धोका अधिक. तांब्याने दाह होतो, म्हणून ते सहसा काढतात. लाकूड, बांबू, काटा यांना मात्र सूट नाही. त्यांच्यासोबत जिवाणू आणि बुरशी आत जातात, पू होतो, संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. चिमट्यात धरताच कुजलेल्या लाकडाचा भुगा होतो. त्यामुळे शल्यचिकित्सक जखमेचा मार्ग उघडून कण न् कण शोधतात. प्रतिजैविके व धनुर्वाताची लस यांचीही गरज असते.

वस्तू बाहेर डोकावत असेल तर ती ओढू नये. तिच्या दाबाने थांबलेला रक्तस्राव सुरू होऊ शकतो. डोळा चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये. कागदी पेल्याची कड भोवतालच्या हाडावर टेकवून तो चिकटपट्टीने बसवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाटेत काही खाऊपिऊ घालू नये, भूल द्यावी लागू शकते. पुढील उपचारासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारखे मोठे रुग्णालयच गाठावे लागते.

आत राहिलेले लाकूड कधी महिन्यांनंतर आपली वर्दी देते: भरलेली जखम पुन्हा वाहू लागते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो. अशा वेळी बागायतीत लागलेल्या त्या जुन्या काटकीचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा.