पंतप्रधानांचे अधिकार शोधायचे कुठे?

‘भारताच्या पंतप्रधानांचे अधिकार’ असा विषय घेऊन गेलात, तर गाईड पहिल्यांदा विचारतील : पुरावा कुठे शोधणार? तुम्ही म्हणाल, राज्यघटनेत. ठीक आहे, तिथूनच सुरू करू.

घटनेत याबद्दल फार थोडं सापडतं. कलम 74 नुसार राष्ट्रपतींना सल्ला देणाऱ्या मंत्रिपरिषदेचे ते प्रमुख. कलम 75 नुसार बाकीचे मंत्री त्यांच्या सल्ल्याने नेमले जातात आणि मंत्रिपरिषद लोकसभेला जबाबदार असते. कलम 78 नुसार निर्णय राष्ट्रपतींना कळवायचं कर्तव्य त्यांचं. मुख्य मजकूर एवढाच.

आता आपल्या राज्यातलं उदाहरण घ्या. 12 नोव्हेंबर 2019 ला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली. 23 नोव्हेंबरला पहाटे 5.47 वाजता ती उठवल्याची अधिसूचना निघाली. तारोडीपासून गडचिरोलीपर्यंत लोकांनी सकाळी टीव्ही लावला, तेव्हा राजभवनात देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी उरकलेला होता. पण राजवट उठवण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. मग हे झालं कसं?

याचं उत्तर 1961 च्या भारत सरकारच्या कामकाज नियमांत आहे. त्यातल्या नियम 12 प्रमाणे, पंतप्रधानांना आवश्यक वाटलं तर ते ठरलेली पद्धत बाजूला ठेवायला परवानगी देऊ शकतात. मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेतली जाते. हे नियम कलम 77(3) खाली राष्ट्रपती करतात. त्यासाठी संसदेत विधेयक मांडावं लागत नाही.

आता थोडं मागे जाऊ. 25 जून 1975 च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून आणीबाणी जाहीर झाली. मंत्रिमंडळाला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यातून धडा घेऊन 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 352 मध्ये अट घातली : मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. राष्ट्रपती राजवटीच्या कलम 356 मध्ये मात्र अशी लेखी निर्णयाची अट नाही. म्हणजे एका दाराला कुलूप लागलं, दुसरं नुसतं लोटलेलं राहिलं.

आणि नियमांच्याही वर बसतं ते लोकसभेतलं संख्याबळ. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयींच्या बाजूने 269 मतं पडली, विरोधात 270. कलमं तीच, नियम तेच. पण एका मताने सरकार गेलं.

म्हणून अधिकार अभ्यासताना तीन थर वेगळे ठेवा : घटनेतला मजकूर, कामकाजाचे नियम आणि सभागृहातली मतं. एका थरातला पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवलात, तर निष्कर्ष डळमळणारच.

आता तुमचा विषय पुन्हा लिहा : ‘मंत्रिमंडळाला आधी न विचारता पंतप्रधान कोणते निर्णय घेऊ शकतात, आणि नंतर त्यांना कोण जाब विचारतं?’ हा प्रश्न घेऊन गेलात, तर गाईड तुम्हाला समोर बसवून पुढचं विचारतील.