हवा करा, पण मोजून!

नवी गाडी घेतली की ऑफिसात थोडी हवा होणारच! सीट कव्हर्स, परफ्युम, झकास म्युझिक सिस्टिम... सगळा थाट एकदम अप टू डेट. वीकेंड आला की स्वारी थेट एक्स्प्रेस वेवर. पण ज्या चार टायर्सवर ही सगळी ऐट उभी आहे, त्यांच्यातली हवा शेवटची कधी तपासलीत? पंपावरचा मुलगा विचारतो, ‘साहेब, किती भरू?’ आणि आपलं ठरलेलं उत्तर, ‘टाक नेहमीची!’

ही ‘नेहमीची’ प्रत्येक गाडीची वेगळी असते. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर छोटासा स्टिकर दिसेल. पुढच्या-मागच्या टायरला किती पीएसआय, गाडी भरलेली असेल तर किती, सगळं तिथे लिहिलेलं असतं. टायरवर कोरलेला आकडा मात्र कमाल मर्यादेचा, तेवढी हवा भरायची नसते.

हवा कमी असली तर टायर रस्त्यावर जास्त दबतो, त्याच्या बाजू सतत वाकतात आणि तापतात. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हे खपून जातं. पण मे महिन्याच्या उन्हात, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे किंवा 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर 100च्या स्पीडने निघालात, की तोच टायर फुटू शकतो. मग गाडी कुठे जाईल, हे तुमच्या हातात राहत नाही. त्यामुळे ‘उन्हाळ्यात हवा कमीच ठेव’ हा मित्राचा सल्ला धोक्याचाच. जास्त हवाही नको. टायर मधोमध झिजतो, पकड सुटते, ब्रेक दाबल्यावर गाडी उशिरा थांबते.

हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे घराजवळच्याच पंपावर. गाडी पळाली की प्रेशर थोडं वाढतं. तो आकडा बघून हवा सोडायची नाही. काही बिघाड नसतानाही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा कमी होते. तेव्हा महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या ट्रिपआधी चेकिंग मस्ट. स्टेपनीचंसुद्धा! नायट्रोजन भरलात तरी यातून सुट्टी नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

काम पाच मिनिटांचं आणि पेट्रोल पंपावर हवा फुकट. अख्ख्या वीकेंडच्या खर्चात फुकट मिळणारी ही एकच गोष्ट, तीच कशाला विसरायची?