दोषारोपपत्र आता संगणकावरून

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण विहिरीवरची मोटर चोरीस गेली किंवा बांधावरून डोकी फुटली, की शहाण्यालाही ती चढावी लागते.

फौजदारी खटला उभा राहतो तो दोषारोपपत्रावर. कोणी कोणता गुन्हा केला, पुरावा काय, साक्षीदार कोण, हे सारे पोलीस त्यात मांडतात. पूर्वी हे कागदांचे बाड हवालदाराने तालुक्याच्या कोर्टात नेऊन द्यायचे. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १९३ प्रमाणे दोषारोपपत्र संगणकावरूनही न्यायालयात पाठवता येते. आरोपीला द्यायच्या नकलाही त्याच मार्गाने दिलेल्या चालतात.

यात दोन्ही बाजूंचे हित आहे. आरोपी कोठडीत असेल आणि दोषारोपपत्र ६० दिवसांत आले नाही, तर त्याला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक कैदेच्या गुन्ह्यात ही मुदत ९० दिवसांची आहे. कागद वाटेत अडकला, तर फटका फिर्यादीला बसतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनी व भगिनींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फिर्याद मोबाईलवरून पाठवली, तरी तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. त्याशिवाय ती दप्तरी दाखल होत नाही. नोंदलेल्या फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यावी. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचे असते.

घरातल्या कोणावर खटला झाला, तर तो न्यायालयात हजर झाल्यापासून १४ दिवसांत त्याला दोषारोपपत्राची नक्कल विनामूल्य मिळाली पाहिजे. ती मुलाच्या मोबाईलवर आली म्हणून तिथेच राहू देऊ नये. छापून घ्यावी, जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावी. नावे, तारखा, गट नंबर, पंच आणि जप्त मालाची यादी नीट ताडून पाहावी. चूक आढळल्यास वकिलाला लगेच सांगावे.

प्रत्येक खटल्याला अक्षरे व आकडे मिळून १६ खुणांचा एक क्रमांक असतो. त्यावरून पुढची तारीख घरबसल्या मोबाईलवर पाहता येते. तो सातबाऱ्याच्या फायलीत लिहून ठेवावा. मोबाईल जमत नसेल, तर अनेक न्यायालयांत ई-सेवा केंद्र असते, तिथे विचारावे.