बैलगाडीचा खेळ आपल्या हातांनी

१९७१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस येथे तीन शिकाऊ शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी 'ओरेगॉन ट्रेल' हा संगणक-खेळ रचला. अन्न, बैल, औषधे यांचा हिशोब चुकला की प्रवासी वाटेतच दगावत. १९७८ साली त्याची आज्ञावली एका अमेरिकन नियतकालिकात छापून आली.

असा खेळ नव्याने करताना मूळ नाव व चित्रे घेऊ नयेत, ती दुसऱ्याची मालमत्ता. कल्पना मात्र सर्वांची. आज्ञावली स्वतः लिहून मुक्त परवान्याने खुली ठेवली, तर पुढच्या वर्गाला ती वाचता येईल, सुधारता येईल.

आम्हांस वाटते, आपली गाडी निपाणीहून सौंदत्तीच्या यात्रेला निघावी. चारा किती घ्यावा? मुक्काम कुठे? घटप्रभा कशी ओलांडावी? हे पुस्तकात सापडणार नाही. आजोबा सांगतील तोवर विचारून घ्या, मग संगणकापुढे बसा.