शिष्यवृत्ती येते, पण केव्हा?

गरीब विद्यार्थ्याला सरकार किती पैसे देते, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. ते पैसे केव्हा देते, हे फारसे कोणी विचारत नाही. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला काढल्यावर माझे असे मत झाले आहे, की दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा काकणभर अधिकच महत्त्वाचा आहे. श्रीमंताचा रुपया उशिरा आला तर व्याज बुडते. गरिबाच्या मुलाचा रुपया उशिरा आला तर वर्ष बुडते.

सोलापुरात या प्रश्नाला वेगळीच धार आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींच्या माणसांना जन्मतःच चोर ठरवले. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी ज्या वसाहती उभ्या केल्या गेल्या, त्यांतली एक आपल्या शहरात होती. कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींच्या कुटुंबांनी तिथे हजेऱ्या दिल्या आणि गिरण्यांत घाम गाळला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कुंपण गेले, नाव राहिले. आजही रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' एवढेच सांगितले तरी तो बरोबर नेऊन सोडतो. त्या वस्तीतली मुले आता इंजिनिअरिंगला, नर्सिंगला जातात. त्यांतल्या कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे हे पहिलेच पाऊल असते.

या पावलाची किंमत मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातील नेरल्याच्या किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. काळे मुंबईत शिकून डॉक्टर झाले आणि २००७ मध्ये अकाली गेले. या पुस्तकांची साहित्य म्हणून पुष्कळ चर्चा झाली. माझ्यातला बँकवाला मात्र ती जमाखर्चाची वही वाचावी तशीही वाचत आला आहे.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर. ती होती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. रकमेइतकाच 'दरमहा' हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे १९४४ मध्ये हिंदुस्थान सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. फीखेरीज, वसतिगृहात राहून वैद्यकीय किंवा इंजिनिअरिंग शिकणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये निर्वाहभत्ता ठरला. महिन्याला ११२५ रुपये! घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला ७,०००. शिवाय राज्याने आपला वाटा दिल्यावर केंद्राने आपला सोडायचा, अशी ही रचना. दोन बैलांची जोडी; एक अडला की गाडी थांबली.

भटक्या-विमुक्तांच्या योजना याहून वेगळ्या आहेत, पण त्यांची अडचण पैशाच्याही आधी, कागदापाशी सुरू होते. महाराष्ट्राच्या यादीत कितीतरी विमुक्त जाती आणि भटक्या जमाती आहेत. या प्रवर्गातील जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडला, त्याने कोणत्या घराचा उतारा आणावा? एका काळी सरकार याच माणसांची रोज हजेरी घेत होते आणि आज तेच सरकार विचारते, तुम्ही होता कुठे?

दाखला मिळाला, अर्ज भरला, मंजूर झाला, तरी गाडी पुन्हा अडते ती बँकेत. आता पैसे आधार क्रमांकाच्या आधारे थेट खात्यात जमा होतात. दलाल गेले, हे उत्तमच झाले. पण आधार शेवटी ज्या बँकेशी जोडला असेल तिथे रक्कम जाते, हे मुलांना कोणी सांगत नाही. माझ्या ओळखीची एक विडी कामगाराची मुलगी चार महिने रोज पासबुक भरून पाहत होती. पैसे केव्हाच आले होते, पण ते जनधनच्या लाटेत उघडलेल्या आणि पुढे विसरलेल्या दुसऱ्याच बँकेतल्या खात्यात. तोवर कॉलेजने फीसाठी परीक्षेचा अर्ज अडवला होता. आईने मंगळसूत्रातले मणी मोडून फी भरली. आमच्याकडे पैसे बऱ्याचदा गड्ड्याची जत्रा उलटून गेल्यावर येतात आणि फी मात्र पावसाळ्यातच द्यावी लागते. मधले सहा महिने सावकाराचे असतात.

मग शैक्षणिक कर्ज का घेत नाहीत? चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे खरे आहे. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना अभ्यासक्रमाच्या काळातले व्याज माफ करणारी योजनाही २००९ पासून आली. परंतु कर्जाला पालक सहकर्जदार लागतो. पालकाची मिळकत रोजंदारीची, कागदावर शून्य. तो शाखाधिकाऱ्यासमोर बसला, की दोघेही एकमेकांकडे पाहत राहतात. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे, की त्यात दोष फक्त माणसांचा आहे असे मला म्हणवत नाही.

कॅनडाच्या उत्तर टोकाला इन्युइट लोक राहतात. उच्च शिक्षणासाठी त्यांच्या मुलांना बर्फातली वस्ती सोडून हजारो किलोमीटर दक्षिणेला जावे लागते. २०१९ च्या अर्थसंकल्पात तिथल्या सरकारने त्यांच्यासाठी दहा वर्षांकरिता १२ कोटी ५५ लाख डॉलर ठेवले, आणि ही योजना इन्युइटांच्याच नेतृत्वाखाली आखायची ठरवली. आकड्यापेक्षा मला ही दुसरी गोष्ट मोलाची वाटते. ज्याच्या पायाला काटा बोचतो, त्यालाच त्याची जागा ठाऊक असते.

आपल्याकडे काय करता येईल? दहावीच्या वर्गातच जातीच्या दाखल्याचे काम शाळेने हाती घ्यावे. महसुली पुरावा नसेल तिथे वस्तीत जाऊन चौकशी व्हावी. प्रवेशाच्या आठवड्यात बँकेचा एक माणूस कॉलेजात बसवावा. आधार कोणत्या खात्याशी जोडला आहे, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबर द्यावा, उरलेला दरमहा.

आणि सरकारला हे जमेपर्यंत? प्रत्येक कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी लाखभर रुपयांचा एक फिरता निधी उभारावा. शिष्यवृत्ती मंजूर झालेल्या मुलाला बिनव्याजी उसने द्यायचे, आणि रक्कम जमा झाली की परत घ्यायचे. हे दान नव्हे, उसनवार आहे. म्हणून घेणाऱ्याची मान खाली जात नाही. उभ्या हयातीत मी पुष्कळ कर्जे मंजूर केली. सरकारी मंजुरीचा कागद हातात असलेल्या मुलाला सहा महिन्यांसाठी दिलेल्या उसन्या पैशापेक्षा भक्कम कर्ज मला तरी सुचत नाही.