जुना ध्वनिवर्धक : दुरुस्ती कीं निरोप?

घरांतील एखादें यंत्र मोडलें कीं कुटुंबांत दोन पक्ष पडतात. नवें आणावें हा एक, आणि जुनें तें सोनें हा दुसरा. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं हाच वाद उभा राहिला. ४० वर्षांपूर्वीं कै. वडील बंधूंनीं हौसेनें घेतलेला ध्वनिवर्धक एके सायंकाळीं एकाएकीं मुका झाला. नातवानें उडालेल्या फ्यूजच्या जागीं जाड तार बसविली. तों घुमल्यासारखा आवाज होऊन जळका वास सुटला. चिरंजीव म्हणाले, ‘‘अण्णा, आतां नवाच घेऊं.’’ वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. मात्र त्यावरील भरतकामाचें आच्छादन त्यांनीं धुऊन पुन्हां घातलें.

आयुर्वेदांत व्याधींचे सुखसाध्य, कष्टसाध्य, याप्य व असाध्य असे चार प्रकार मानिले आहेत. यंत्राचा निर्णयहि याच क्रमानें करावा असें मला वाटतें.

आवाज कमीजास्त करण्याच्या कळींत धूळ सांचून खरखर होणें हा विकार सुखसाध्य. फ्यूज उडणेंहि तसेंच. पण फ्यूज हा निरोप्या आहे. त्यावर जो आंकडा असेल त्याच प्रमाणाचा दुसरा घालावा, आणि तोहि उडाला तर दोष आंत आहे असें समजावें. कर्ण्यांस शक्ति पुरविणारे ट्रॅन्झिस्टर जळणें हें कष्टसाध्य. एक जळाला तरी जोडी बदलणें श्रेयस्कर, आणि बाजारांत नकली माल फार. शिवाय असा ट्रॅन्झिस्टर कर्ण्याचें वेटोळेंहि जाळूं शकतो. म्हणून कर्णे तपासावे. कपॅसिटर म्हातारे होणें हें याप्य. त्यांतील द्रव उष्णतेनें सुकतो, डोकें फुगतें, गुणगुण सुरू होते. नवे घातले तरी पथ्य सुटत नाहीं. ट्रॅन्सफॉर्मर जळला तर तो पुन्हां गुंडाळून देणारे कारागीर आहेत. पण सुटे भाग जीवर बसवितात ती पाटीच कोळसा झाली, किंवा त्या यंत्रापुरती केलेली चिप मिळेनाशी झाली, म्हणजे विकार असाध्य. तेथें ममता आवरावी.

हें निदान घरीं करूं नये. तार भिंतींतून काढल्यावरहि कपॅसिटरांत वीज राहते.

आम्हीं यंत्र पुण्यांत पासोड्या विठोबाजवळच्या एका कारागिराकडे नेलें. त्यानें तारेचा एक दिवा मध्यें जोडून त्यांतून यंत्रास वीज दिली. दिवा भगभगीत पेटला व तसाच राहिला. आंत वीज आडवाटेनें वाहत असल्याची ती खूण. ट्रॅन्सफॉर्मर शाबूत, पाटी निर्दोष. एका बाजूचे ट्रॅन्झिस्टर जळालेले व दोन कपॅसिटर फुगलेले निघाले. खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी होता. चिरंजीवांनींच होकार दिला.

यंत्र परत देतांना कारागीर म्हणाला, ‘‘वाजतांना यावर कापड घालतां काय? उष्णता कोंडते.’’ मी घरीं येऊन हें सांगावें कीं नाहीं या विचारांत पडलों, अखेर सांगितलें. रविवारीं सकाळीं वहिनींनीं आच्छादन काढून त्याची घडी केली आणि म्हणाल्या, ‘‘वाजत असेल तोंवर मोकळाच असूं द्या, भावजी.’’